लेखिकांची शिरगणती

चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या एल्कॉट आयटी वसाहतीत, किंवा जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत, नावावरून बाई की पुरुष हे ओळखणारा प्रोग्राम लिहायला नवख्या मुलीलाही एक दुपार पुरेल. नावांची यादी द्यायची, जुळणी करायची, बेरीज काढायची. लेखकांमध्ये बायका किती, या प्रश्नावर सध्या जगभर अशाच तऱ्हेनं काम चालतं. मात्र तमिळ वाचकांचे लाडके ‘सुजाता’ या प्रोग्रामच्या हाती लागले, की तो बिनदिक्कत त्यांना बायकांच्या रकान्यात टाकतो. सुजाता म्हणजे एस. रंगराजन. टोपणनाव बायकोचं, पेशा इंजिनिअरचा. भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये असताना इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. मोजणीचं यंत्र घडवणाऱ्या माणसाचीच इथे चुकीची मोजणी!

तमिळांना हसण्याआधी आपलं घर पाहावं. साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा मुख्य पुरस्कार 1955 पासून 2024 पर्यंत मिळालेल्या बायका सात: इरावती कर्वे, दुर्गा भागवत, गोदावरी परुळेकर, इंदिरा संत, विजया राजाध्यक्ष, आशा बगे आणि अनुराधा पाटील. नुसत्या नावांवर चालणारा प्रोग्राम नऊ सांगेल. 1978 चे आरती प्रभू, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, आणि 2011 चे ग्रेस, म्हणजे माणिक गोडघाटे, हे दोघे त्यात शिरतील. उलट गीतकारांच्या यादीतले डॉ. वसंत अवसरे पुरुषांत जातील, आणि ते तर शांता शेळक्यांचं टोपणनाव. 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई बेडेकर या यंत्राला दोन वेगळ्या बायका वाटतील. लग्नानंतर नाव-आडनाव बदलण्याची रीत त्यात भर घालते. कुसुम जयवंत आणि कुसुमावती देशपांडे एकच, हे यादीला कोणीतरी सांगावं लागतं. शिवाय आपले पुरुष पु. ल., ह. ना., वि. स. अशा आद्याक्षरांत वावरतात आणि बायका बहुधा पूर्ण नावानं लिहितात. आद्याक्षरांची नावं ‘अज्ञात’ म्हणून वगळली, तर पुरुषांचाच मोठा गठ्ठा बाहेर राहतो आणि बायकांचा टक्का आहे त्याहून बरा दिसतो.

नाव सोडून मजकुराकडे वळावं, तर मराठी क्रियापद मदतीला येईल असं वाटतं. ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’ यांत फरक आहेच. पण कथेतला ‘मी’ आणि कथा लिहिणारा माणूस एकच असतो, असं कुठे आहे?

इंग्रजीत हे काम पुष्कळ पुढे गेलं आहे. टेड अंडरवुड, डेव्हिड बॅमन आणि सबरीना ली यांनी 2018 मध्ये हाथीट्रस्ट या डिजिटल ग्रंथालयातल्या लाखभर कथात्मक पुस्तकांची छाननी प्रसिद्ध केली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रजी कादंबरीकारांत बायका जवळपास निम्म्या होत्या. 1960 च्या आसपास त्या पाव हिस्सा उरल्या. काळ पुढे सरकला की बायका आपोआप पुढे येतात, हा आपला भाबडा समज त्या आलेखानं मोडला. एकेक कादंबरी वाचून हे कोणाच्या ध्यानात आलं नसतं. यंत्राचा खरा उपयोग इथे आहे.

आपल्याकडे असा आलेख नाही. हाताशी आहेत त्या सन्मानांच्या याद्या. साहित्य संमेलन 1878 पासूनचं. पहिली स्त्री अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, 1961 मध्ये. पुढे दुर्गाबाई, शांताबाई, विजयाबाई, अरुणा ढेरे आणि 2025 मध्ये दिल्लीत तारा भवाळकर. तोवरच्या 98 संमेलनांत सहा. मराठीला ज्ञानपीठ चार वेळा मिळालं, चारही पुरुष. पण या याद्यांवरून निवडणाऱ्यांची नजर कळते. लिहिणाऱ्या किती होत्या हे कळत नाही.

ते कळायला पुस्तकांच्या बाहेर जावं लागतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांचा संगणकीय संग्रह उभारला आणि 2017 पासून तो ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येऊ लागला. या संग्रहात ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं असतं. एरवी ‘लोकसाहित्य’ म्हणून बेवारस ठरलेल्या ओळींमागे इथे मुळशीची, मावळातली एखादी बाई नावानिशी उभी आहे. माझ्या मते मराठीतलं या विषयावरचं सर्वांत मोलाचं डिजिटल काम हेच, जरी ते बायकांचा टक्का काढायला केलेलं नाही.

उलट प्रकार मद्रासेत घडला. तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांच्या दरबारातल्या मुद्दुपळनीनं ‘राधिका सांत्वनमु’ हे तेलुगू काव्य रचलं. आरंभी तिनं आपली आई-आजीची परंपरा अभिमानानं सांगितली होती. एकोणिसाव्या शतकातल्या छापील आवृत्तीत संपादकानं नेमकं तेच गाळलं. 1910 मध्ये गायिका बंगळूर नागरत्नम्मांनी मूळ हस्तलिखित शोधून संपूर्ण काव्य छापलं, तर सरकारनं अश्लील म्हणून बंदी घातली. ती उठायला 1947 उजाडलं. कापलेल्या आवृत्तीचं उत्तम स्कॅनिंग केलं, तरी हाती कापलेलंच येणार.

मराठीत सुरुवात करायला साधन आहे. शंकर गणेश दात्यांनी 1800 ते 1937 मधल्या छापील पुस्तकांची ग्रंथसूची केली, पुढे 1950 पर्यंतची. ती तक्त्यात उतरवून प्रत्येक नावापुढे माणसानं पडताळलेला शेरा घालावा. पण बायकांचं पुष्कळसं लेखन मासिकांत अडकलं आहे: ‘मनोरंजन’मध्ये, 1930 साली निघालेल्या ‘स्त्री’मध्ये आणि दिवाळी अंकांत. ते या ग्रंथसूचीत येत नाही. हिंजवडी आणि शोळिंगनल्लूरमधल्या मराठी संगणकवाल्यांनी शनिवार-रविवारचे दोन तास दिले, तर तक्ता उभा राहील. वाचकांनी एवढंच करावं: माळ्यावरचे जुने अंक रद्दीत देण्याआधी अनुक्रमणिकेच्या पानाचा नीट फोटो काढावा, अंकाचं नाव आणि साल लिहून ठेवावं, आणि एखादं टोपणनाव कोणाचं हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल, तर तेही शेजारी लिहावं.