हळदीच्या गावातलं मिसरूड

हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात हंगामात हळकुंडांचे ढीग लागतात, वसमतच्या हळदीचं नाव तर दूरवर गेलेलं. त्यामुळे पोरीच्या ओठावर लव दिसली की इलाज घरातच सापडतो. बेसनात हळद कालवायची अन् चोळायची! पोराला मिसरूड फुटलं की मात्र कौतुक. नवरदेवालाही अंगभर हळद लागते; त्याची दाढी काही कमी होत नाही.

चेहऱ्यावरची केसांची मुळं बाईला आणि पुरुषाला जवळपास सारख्याच संख्येने असतात. ती जन्माआधीच तयार होतात, पुढे सहसा वाढत नाहीत. वयात येताना पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक कितीतरी पटींनी वाढतं. केसाच्या मुळाशी त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन होतं आणि मऊ, फिकट लवेच्या जागी राठ, काळा केस येऊ लागतो. टेस्टोस्टेरॉन बाईच्या अंगातही असतं, थोडं. काखेतले केस उगवायला तेवढं पुरतं, दाढीला पुरत नाही.

गंमत पुढेच आहे. हनुवटीवर केस उगवणारं हेच संप्रेरक टाळूवर केस झडवतं. पापण्यांच्या केसांना तर त्याचं सोयरसुतक नसतं. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवलं, की वयात येण्याआधी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. त्यांना टेस्टोस्टेरॉन टोचल्यावर मात्र ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं, त्यांचे केस जाऊ लागले. म्हणजे नुसतं संप्रेरक पुरेसं नाही, आनुवंशिकताही लागते. बायकांचे केस विरळ झाले तरी कपाळावरची केसांची कड सहसा मागे सरकत नाही, भांग रुंद होत जातो.

मग हळद? थायलंडमध्ये हळदीच्या कुळातल्या एका वेगळ्या जातीच्या तेलाने काखेतल्या केसांची वाढ थोडी मंदावल्याचं दिसलं. पण ती आपली हळद नव्हे, आणि तेल म्हणजे लेप नव्हे.

ओठावरची बारीक लव हा आजार नाही. उतारवयात पाळी थांबल्यावर हनुवटीवर दोन-चार राठ केस येतात, तेही नेहमीचंच. हनुवटी, छाती, पोटावर राठ केस वाढले आणि पाळीही अनियमित असेल, तर पीसीओएस या बीजकोशांशी निगडित संप्रेरक-विकाराची शक्यता असते. तिथे उटणं नव्हे, डॉक्टर हवा. आवाज घोगरा होऊन केस झपाट्याने वाढत असतील, तर थांबूच नये. औषध लागू पडलं तरी फरक दिसायला सहा महिने लागतात. आधीच उगवलेला केस आपलं आयुष्य पुरं करूनच गळतो.