पाळीव उंदीर घरी आणण्यापूर्वी

गणपतीचे वाहन एवढा मान सोडला, तर उंदीर म्हणजे आपल्या लेखी सापळा, औषध आणि १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग. त्यात मराठीत रॅट आणि माउस या दोघांनाही ‘उंदीर’च म्हणतात. त्यामुळे मुलांनी रॅट पाळायचा हट्ट धरला की आईवडिलांच्या डोळ्यांपुढे गटारच उभे राहते.

दुकानातला रॅट हा गटारातल्या तपकिरी उंदराचाच वंशज, हे खरे. पण एकोणिसाव्या शतकापासून त्याची पिंजऱ्यात पैदास होत आली आहे. लंडनमध्ये उंदीर पकडण्याचा धंदा करणारा जॅक ब्लॅक निराळ्या रंगाचे उंदीर न मारता वाढवी आणि विकी. प्रयोगशाळेतला पांढरा उंदीरही याच जातीचा. हा प्राणी माणसाला ओळखतो, हाकेला येतो. १९९०च्या दशकाच्या अखेरीस याक पांक्सेप या शास्त्रज्ञाने दाखवले की गुदगुल्या केल्यावर रॅट सुमारे ५० किलोहर्ट्झचा आवाज काढतात. आपल्या कानांची मर्यादा २० किलोहर्ट्झ, म्हणून हे ‘हसणे’ आपल्याला ऐकू येत नाही!

रॅट एकटा झुरतो, म्हणून दोन आणावेत, पण दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या. नाहीतर तीन आठवड्यांत आठ-दहा पिल्ले मोजायची तयारी हवी. पिंजऱ्यात देवदाराचा भुसा घालू नये. त्याच्या वासाने फुप्फुसांना त्रास होतो.

फुप्फुसे हाच त्यांचा कच्चा दुवा. मायकोप्लाझ्माचा जंतू बहुतेकांच्या अंगात असतोच. माद्यांना गाठीही फार होतात. शस्त्रक्रियेचा खर्च रॅटच्या किमतीच्या कितीतरी पट येतो, आणि तो करायचा की नाही हे मुलाच्या डोळ्यांत पाणी असताना ठरवणे कठीण. ते आधीच ठरवावे. आयुष्य दोन ते तीन वर्षांचे. चौथीत आणलेला रॅट सहावी संपेतो बहुधा नसतो. हे मुलाला आधीच स्पष्ट सांगावे, असे माझे मत.

चावल्याने किंवा ओरखड्याने क्वचित ताप येतो, त्यावर अँटिबायोटिक आहे, पण डॉक्टरांना रॅटबद्दल सांगायला हवे. २०१७ साली अमेरिकेत पाळीव रॅटांमधून माणसांना सोल विषाणूची लागण झाली होती. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात रॅट पाळणे बेकायदा आहे. इतरत्र प्रश्न उरतो भारतवारीचा. सहा आठवडे त्यांना कोण सांभाळणार, हे तिकिटे काढण्यापूर्वी पाहावे.