घाई, धरण आणि तुमचा रिव्हर व्ह्यू

जुन्या पुणेकराला विचारा, "काका, हा वाडा कधीचा?" उत्तर येईल, "पुराच्या आधीचा." कुठला पूर, हे सांगायची गरजच नाही. पुण्यात 'पूर' म्हटलं की १२ जुलै १९६१. पानशेत!

पाऊस धो-धो पडला आणि धरण फुटलं, एवढीच स्टोरी आपण ऐकलेली असते. खरी भानगड वेगळीच होती. अंबी नदीवरचं हे मातीचं धरण १९६२ मध्ये पूर्ण व्हायचं होतं. पण १९६१च्या पावसाळ्यातच पाणी अडवायचं ठरलं. थोडक्यात, डेडलाइन अलीकडे ओढली, काम मात्र तेवढंच राहिलं. ऐकल्यासारखं वाटतंय ना?

धरणाच्या पोटातून पाणी सोडायला एक बोगदा होता. त्यात लोखंडी सळया घातलेलं काँक्रीट हवं होतं, वापरले गेले सळया नसलेले ठोकळे. दरवाज्यांचं कामही अपुरंच. अर्धवट उघड्या दरवाज्यातून घुसणाऱ्या पाण्याचे हादरे बोगद्याला बसत राहिले. तो खचला आणि वरचा मातीचा भरावही खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्यामुळे धरण मध्यरात्री न फुटता सकाळी फुटलं आणि कितीतरी जीव वाचले. पण पानशेतचं पाणी आलं खडकवासल्यात, आणि ते एकोणिसाव्या शतकातलं दगडी धरणही त्याच दिवशी फुटलं.

पाणी ओसरलं, पण...

लकडी पूल पाण्याखाली गेला. शनिवार, नारायण, कसबा पेठांतले मातीचे वाडे बसले. साधारण हजार माणसं गेली असं सांगतात. नेमक्या आकड्यावर आजही वाद आहे. गंमत बघा, शहर पाण्यात बुडालं आणि प्यायला पाणी नाही! कारण नळाला पाणी यायचं ते खडकवासल्याचं. मग वाड्यांतले आड आणि विहिरी पुन्हा कामाला आल्या.

बेघर झालेल्यांना गोखलेनगरसारख्या भागांत अर्धगोल पत्र्याच्या निसन हट मिळाल्या. सहकारनगर, लोकमान्यनगर हे आजचे हॉट पत्ते वाढले, तेही पूरग्रस्तांच्या पुनर्वसनातून. पेठांत एकवटलेलं पुणं खऱ्या अर्थाने बाहेर पडलं ते तेव्हा. चौकशी आयोगही नेमला गेला. न्यायमूर्ती बावडेकरांच्या निधनानंतर ते काम न्यायमूर्ती नाईकांकडे गेलं.

आता तुमच्या फ्लॅटचं बोलू

२५ जुलै २०२४ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं. धरण फुटलं नव्हतं, खडकवासल्यातून फक्त विसर्ग वाढवला होता. म्हणजे नदीला तिची जागा लागतेच, मग त्या जागेत कुणी का राहात असेना.

तेव्हा 'रिव्हर व्ह्यू'साठी टोकन देण्याआधी पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बिल्डिंग कुठे बसते ते बघा, पार्किंग कुठे आहे तेही बघा. आणि सेल्सवाला म्हणाला, "सर, ऑफर रविवारपर्यंतच आहे," तर बिनधास्त सांगा, "सोमवारी बोलू." घाईत घेतलेल्या निर्णयांचं काय होतं, ते या शहराने एकदा बघितलंय.