आमच्या मोत्याचें पथ्यपाणी

घरांत कोणी वडीलधारें माणूस अंथरुणास खिळलें, म्हणजे त्याच्या पथ्यपाण्याची चर्चा माजघरापासून ओसरीपर्यंत चालते. तेंच दाराशीं निजणारा कुत्रा म्हातारा झाला व त्याचें अन्न तुटलें, तर ‘आतां वय झालें’ एवढ्या तीन शब्दांत त्याची बोळवण होते. आमच्या घरीं असेंच झालें. त्यांत आमच्या हातून ज्या चुका घडल्या त्या सांगण्यास संकोच वाटतो. तथापि ज्यांच्या घरीं म्हातारा कुत्रा आहे त्यांस त्यांचा उपयोग होईल, म्हणून त्या सांगण्याचें योजिलें आहे.

मोत्या अर्धा लॅब्राडोर आणि अर्धा गांवठी. वय वर्षें १३. आमच्या कुटुंबांत लहानमोठीं मिळून ११ माणसें, आणि मोत्या त्या प्रत्येकाचा. गेल्या आषाढांत तो ताटलींतलें अर्धें अन्न टाकूं लागला, पाणी मात्र पूर्वीपेक्षां पुष्कळ पिऊं लागला. पाठीचा कणा वर दिसूं लागला आणि पोट खालीं सुटलें. आत्याबाई म्हणाल्या, “बसून खातो, दुसरें काय होणार!” तें पोट चरबीनें नव्हे, पाण्यानें सुटलें होतें. पुढें रात्रीं उठून पाहावें तों मोत्या कोपऱ्यांत भिंतीला डोकें टेकून उभा. हांक मारली तर ओळख नाहीं. सकाळीं पुन्हां शेपूट हालवीत दाराशीं हजर. म्हातारचळ म्हणून आम्हीं तेंहि सोडून दिलें.

तो लंगडूं लागला तेव्हां धाकट्या काकांनीं त्याला दुधांतून पॅरासिटामॉलची गोळी दिली. त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यास ती लागू पडते, तेव्हां मोत्यालाहि पडेल, हा त्यांचा सरळ हिशेब. तीन दिवस गोळ्या झाल्या आणि चौथ्या दिवशीं मोत्याच्या डोळ्यांचें पांढरें व हिरड्या हळदीसारख्या पिवळ्या दिसल्या. मग मात्र घर जागें झालें.

आमचे पशुवैद्य परळच्या महाविद्यालयांत, म्हणजे १८८६ सालीं स्थापन झालेल्या जुन्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयांत, शिकलेले. बोलणें थोडें, पण नेमकें. त्यांनीं रक्त तपासलें आणि सोनोग्राफी करविली. रक्ताचा कागद हातांत पडला तेव्हां आम्हांस हायसें वाटलें, कारण ज्या ‘एएलटी’चें नांव आम्ही ऐकून होतों, तो आंकडा थोडासाच वाढलेला होता. वैद्य मात्र गंभीर झाले. त्यांनीं समजावून दिलें कीं, यकृताच्या पेशी फुटल्या म्हणजे हें द्रव्य रक्तांत सांडतें. पण फुटावयास पेशीच थोड्या उरल्या, तर सांडणार काय? यकृत काम किती करतें हें पाहावयाचें तर अल्ब्युमिन, बिलिरुबिन, पित्ताम्लें आणि रक्त गोठण्याचा वेळ पाहावा लागतो. मोत्याचें अल्ब्युमिन फारच उतरलें होतें. सोनोग्राफींत यकृत आक्रसलेलें, खडबडीत आणि पोटांत पाणी. दीर्घकाळ चाललेल्या दाहानें यकृताचे तंतू झाले होते.

हा रोग कशानें झाला, तें कळलें नाहीं. लॅब्राडोर जातींत तांबें यकृतांत सांचण्याचा एक विकार आढळतो. पण त्याचा निश्चय करण्यास यकृताचा तुकडा काढून तपासावा लागतो, आणि ज्याचें रक्त नीट गोठत नाहीं अशा म्हाताऱ्या जीवावर तो प्रयोग करूं नये, असें ठरलें. गोळीनें रोग वाढविला कीं नुसता उघडा पाडला, याचाहि निवाडा वैद्यांनीं केला नाहीं. रोग जुना होता एवढेंच ते म्हणाले. धाकट्या काकांचें त्यानें समाधान झालें नाहीं. वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, माणसाची वेदनाशामक गोळी कुत्र्याला स्वतःच्या मतानें कधींहि देऊं नये. आणि साखरेऐवजीं झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे पदार्थ, बागेंतील सायकसचें झाड व बुरशी आलेले शेंगदाणे हीं तर निरोगी कुत्र्याच्या यकृताचाहि घात करतात.

रात्रीं भिंतीला डोकें टेकण्याचा उलगडाहि तेव्हांच झाला. अन्नांतील प्रथिनांपासून आंतड्यांत अमोनिया होतो. यकृत धड असलें तर तें त्याचा युरिया करून टाकतें; तें थकलें म्हणजे तोच अमोनिया मेंदूपर्यंत पोंचतो. यासाठीं लॅक्ट्युलोज नांवाचा गोड पाक मिळाला. त्यानें अमोनिया आंतड्यांतच अडकून शौचावाटे जातो. दिवसांतून दोनतीनदां मऊ शौचास व्हावें इतकाच तो द्यावयाचा. पाण्यासारखें झालें तर मात्रा जास्त झाली असें समजावें. आठवड्याच्या आंत मोत्या रात्रीं निजूं लागला. ज्याला आम्ही म्हातारचळ म्हणत होतों, तो चमच्यानें देण्याच्या औषधानें हटला! पोटांतील पाण्यासाठीं स्पायरोनोलॅक्टोन व पित्त वाहतें राहावें म्हणून अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल, हीं औषधें निराळीं.

परंतु खरी कसोटी औषधाची नव्हे, अन्नाची होती. यकृताच्या रोग्याला ताकभातावर ठेवावें, ही आमच्या घरची समजूत. वैद्यांनीं ती मोडून काढली. प्रथिनें सरसकट तोडलीं तर अंगावरचें मांस झडतें आणि रोगी लौकर खचतो. मेंदूवर परिणाम दिसत असेल तेव्हांच तीं बेतानें द्यावीं, आणि तीं मांसाऐवजीं दुधाचीं किंवा सोयाबीनचीं असावींत, कारण तीं अधिक सोसतात. हें ऐकून आजीला कोण आनंद झाला! बिनमिठाचें घरचें पनीर, मऊ भात व थोडें सोयाबीन, त्यांत वैद्यांनीं दिलेलीं जीवनसत्त्वें व जस्त, अशी त्याची थाळी ठरली. थकलेल्या यकृताला साखरेचा सांठा करतां येत नाहीं, म्हणून दिवसाकांठीं पांच लहान जेवणें, त्यांतलें शेवटचें निजतांना. मीठ अगदीं वर्ज्य.

नामदेवांची कथा सर्वांस ठाऊक आहे. कुत्र्यानें कोरडी भाकरी पळविली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले. आमच्या घरांत असे ११ नामदेव होते. थोरल्या वहिनींनीं मोत्याचें खाणें आपल्या हातीं घेतलें, वही घातली, दर रविवारीं त्याचें वजन व पोटाचा घेर टिपूं लागल्या. तरी गणपतीच्या दिवसांत कोणी तळलेला पापड दिला, कोणी खारे शेंगदाणे. चौथ्या दिवशीं घेर दोन इंचांनीं वाढला आणि मोत्या पुन्हां भिंतीशीं जाऊन उभा राहिला. वहिनींनीं वही सर्वांच्या मध्यें आणून ठेवली. बोलल्या कांहींच नाहींत. त्या दिवसापासून मुलांनीं देखील त्याला चोरून घास दिला नाहीं.

मोत्या पांच महिने जगला, आणि त्यांतले तीन तर बरे गेले. तो जिन्यापर्यंत येई, आणि दूधवाल्यावर भुंकणें त्यानें पुन्हां सुरू केलें. मार्गशीर्षांत पोटांतील पाणी औषधांना जुमानेना. श्वास कोंडूं लागला म्हणजे तें सुईनें काढावें लागे. पण त्या पाण्याबरोबर अंगांतलें प्रथिनहि जातें, म्हणून वैद्य नाइलाजानेंच काढीत. पहिल्यानंतर दुसऱ्या खेपेस पांच आठवडे गेले, तिसरीस दोन, चौथीस अवघे सहा दिवस.

शांतपणें मरण द्यावें कीं नाहीं, यावर घरांत दोन तट पडले. आजी म्हणाली, “युधिष्ठिरानें स्वर्गाच्या दारांत सुद्धां कुत्र्याला टाकलें नाहीं.” धाकटे काका तर कानांवर हात ठेवीत. आपण दिलेल्या गोळीनंतर सुईलाहि आपणच होकार द्यावा, हें त्यांना सोसवेना. वैद्यांनीं कोणासहि भरीस घातलें नाहीं. शेवटीं एके रात्रीं वहिनींनीं वही आजीला वाचून दाखविली. मागल्या दहा दिवसांत मोत्या दोनच दिवस जेवला होता. उरलेल्या दिवसांपुढें त्यांनीं नुसतें ‘हुंगून सोडलें’ असें लिहिलें होतें. आजी पुष्कळ वेळ गप्प होती. मग म्हणाली, “दवाखान्याच्या टेबलावर नको. येथेंच, अंगणांत. आणि कोणीं उठून जायचें नाहीं.”

दुसऱ्या दिवशीं वैद्य घरीं आले. आधीं गुंगीचें इंजेक्शन दिलें. मोत्याचें डोकें धाकट्या काकांच्या मांडीवर होतें. पांचसात मिनिटांत सर्व झालें. मुलें रडत आंत गेलीं, वहिनी वही घेऊन उठल्या. आजी ऊन उतरेपर्यंत तेथेंच बसून होती.