मोटारसायकल : गरज, हौस आणि डोके

"डॉक्टर, पोराला गाडी घेऊन देऊ की नको?" ताप, खोकला किंवा गुडघेदुखी दाखवायला आलेले वडील उठता उठता हा प्रश्न हमखास विचारतात. मुलगा आयटीआय होऊन धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नुकताच चिकटलेला असतो, किंवा गावाहून रोज पेणला कॉलेजात येत असतो. आईचा विरोध असतो, मुलाने जेवणावर राग काढलेला असतो आणि निकाल डॉक्टरांनी द्यावा अशी वडिलांची अपेक्षा असते. हा प्रश्न औषधाचा नसला तरी आरोग्याचा नक्कीच आहे. म्हणून या आठवड्यात त्यावरच लिहितो.

ही चैन नव्हे

शहरात मोटारसायकल कदाचित हौस असेल. आपल्या पेण आणि रोहे तालुक्यांत ती माणसाचे पाय झाली आहे. कारखान्याची पाळी एसटीचे वेळापत्रक पाहून सुटत नाही. मिनीडोर भरल्याशिवाय हलत नाही. आडगावातल्या शाळेचा मास्तर, आरोग्य उपकेंद्रातली परिचारिका, दूध घालणारा, मासळी घेऊन बाजार गाठणारा, या सगळ्यांचा दिवस गाडीवर चालतो.

एके काळी गावात एखादी राजदूत, येझदी किंवा बुलेट असायची आणि तिच्या आवाजावरून कोण आले ते ओळखता यायचे. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली. थोड्या पेट्रोलात लांब जाणारी ही गाडी पगारदार माणसालाही परवडली. तेव्हापासून मोटारसायकल श्रीमंताच्या अंगणातून सामान्यांच्या ओटीवर आली.

शिवाय आनंदाचे काय? पावसाळा सरताना नागोठण्याहून भिसे खिंडीतून रोह्याकडे जावे, दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर असावेत, तोंडावर गार वारा असावा, हे सुख मी स्वतः अनेकदा घेतले आहे. विशीतल्या मुलाला तर गाडीबरोबर पहिल्यांदा स्वातंत्र्य मिळते. हे न ओळखता नुसते "नको" म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचे तरुण ऐकत नाहीत, आणि त्यात त्यांची फार चूक नाही. म्हणून "घेऊ की नको" यापेक्षा "कोणत्या अटीवर घेऊ" असा प्रश्न विचारावा.

"इथेच तर जायचंय"

धोका म्हटला की सर्वांना मुंबई-गोवा महामार्ग आठवतो. ते बरोबरच आहे. पळस्पे ते इंदापूर या टप्प्याच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली आणि ते काम वर्षानुवर्षे रेंगाळले. खड्डे, वळवलेले रस्ते, धूळ आणि अवजड ट्रेलर यांतून वडखळ-नागोठणे गाठताना भल्याभल्यांचे हात घामाने ओले झाले आहेत. पण तिथे माणूस जपून चालवतो, पोलिसांच्या धाकाने का होईना हेल्मेट घालतो.

माझ्याकडे डोके फुटून आलेल्यांची हकीगत बहुधा निराळी असते. नाक्यावर दूध आणायला, शेजारच्या गावात हळदीला, शेतावर डबा द्यायला, असे ते निघालेले असतात. हेल्मेट घरात खुंटीला किंवा हाताच्या कोपराला. "इथेच तर जायचंय" हे तीन शब्द मी इतक्यांदा ऐकले आहेत की त्याचीच मला जास्त भीती वाटते. समोरून अचानक गुरे येतात, ती गावच्याच रस्त्यावर. पावसाळ्यात रात्री कोरडी जागा शोधत ती डांबरावर येऊन बसतात आणि काळी म्हैस काळ्या रस्त्यावर दिव्याच्या उजेडातही उशिरा दिसते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ यांचा निसरडा थर होतो. वळणावर सांडलेली खडी, न रंगवलेला गतिरोधक, मागे बसलेल्या बाईचा चाकात जाणारा पदर, आणि तिसऱ्या पाळीनंतर पहाटे डोळ्यांवर येणारी झापड, ही सारी संकटे घराजवळचीच आहेत.

वेगाचा हिशेब तरुणांनी एकदा समजून घ्यावा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक ते दीड सेकंद सहज जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आतच ११ ते १६ मीटर अंतर संपलेले असते. या वेगात माणूस थेट भिंतीवर किंवा खांबावर आदळला, तर तो आघात सुमारे ६ मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या छपरावरून, खाली पडण्याइतका असतो. ताशी ६० च्या वेगात हीच उंची १४ मीटर होते. नारळाच्या उंच झाडावरून पडण्यासारखेच ते!

कवटीच्या आत काय होते

मेंदू घट्ट दह्यासारखा मऊ असतो आणि कवटीच्या आत पाण्यात तरंगल्यासारखा राहतो. डोके आपटून एकदम थांबले तरी मेंदू पुढे जात राहतो आणि आतून कवटीवर आपटतो. कधी कवटीला तडा जाऊन तिच्या आतल्या बाजूची रक्तवाहिनी फाटते. रक्त हळूहळू साचते. अशा वेळी माणूस आधी शुद्धीवर येतो, बोलतो, चहासुद्धा पितो. काही तासांनी साचलेल्या रक्ताचा दाब मेंदूवर पडतो आणि तो पुन्हा बेशुद्ध होतो.

काही वर्षांपूर्वी रोह्याजवळच्या एका गावातला तिशीतला कामगार हळदीहून परत येताना घसरला. स्वतः उठला, गाडी उचलली, घरी आला. तोंडाला दारूचा वास होता, म्हणून घरचे म्हणाले, "झोपू द्या, सकाळी उतरेल." त्याच्या बायकोला मात्र त्याचे घोरणे वेगळे वाटले. हलवून उठेना, तेव्हा तिने शेजाऱ्यांना जागे केले. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि तो वाचला. पण त्याची वास घेण्याची शक्ती कायमची गेली. डोक्याला मार लागला की नाकापासून मेंदूकडे जाणारे नाजूक तंतू तुटतात, तसे झाले. रासायनिक कारखान्यात वायूची गळती आधी नाकाला कळते. त्यामुळे त्याला जुन्या विभागात पुन्हा घेता आले नाही आणि पगार कमी झाला. वाचलेला प्रत्येक माणूस पूर्वीसारखा होतोच असे नाही, हे यावरून लक्षात यावे.

हेल्मेट काय करते

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स हा मोटारसायकलचा मोठा शौकीन. मे १९३५ मध्ये इंग्लंडमधल्या एका गावरस्त्यावर, आपल्या घराजवळच, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, १९४१ साली हेल्मेटचे महत्त्व सांगणारा लेख लिहिला आणि ब्रिटिश सैन्यातल्या निरोप्यांना हेल्मेट सक्तीचे झाले. पुढे जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असे आढळले.

यात जादू काही नाही. पेणची गणेशमूर्ती टेम्पोत ठेवताना खाली-बाजूला मऊ काहीतरी घालतात, तेच तत्त्व. हेल्मेटच्या कवचाच्या आत थर्मोकोलसारखा थर असतो. आघात झाला की तो चेपतो आणि धक्का स्वतः सोसतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे. पट्टा न लावलेले हेल्मेट पडायच्या आधीच डोक्यावरून निघून जाते.

"केस गळतात" ही तक्रार रोजची. हेल्मेटने केसांची मुळे मरत नाहीत; घामट अस्तराने खाज आणि कोंडा वाढतो. आत पातळ सुती रुमाल बांधावा आणि अस्तर धुऊन वाळवावे. "कानाला ऐकू येत नाही" म्हणणाऱ्यांना हॉर्न व्यवस्थित ऐकू येतो, हे त्यांनीच एकदा तपासून पाहावे.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण गेले आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. मागे बहुधा कोण असते? आपली बायको, बहीण, मित्र.

गाडी घेताना या अटी घाला

१. गिअरची गाडी १८ वर्षे पूर्ण झाल्यावर आणि परवाना हाती आल्यावरच. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

२. गाडीबरोबर दोन हेल्मेटे घ्यावीत. आयएसआय चिन्ह पाहावे, ते घट्ट बसणारे आणि हनुवटी झाकणारे असावे. नाक्यापर्यंत जातानाही ते डोक्यावर हवे.

३. १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना चाक न अडकू देणारी ब्रेकव्यवस्था, म्हणजे एबीएस, सक्तीची आहे. जुनी गाडी घेताना ब्रेक, टायर आणि दिवा मेकॅनिककडून तपासून घ्यावा. आरसे काढू नयेत, साडीगार्ड काढू नये.

४. चार वर्षांखालील मुलाला टाकीवर बसवू नये. फेब्रुवारी २०२३ पासून अशा मुलांना हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा आवश्यक आहे, आणि वेग ताशी ४० च्या आत हवा.

५. तिसरी पाळी संपल्यावर डोळे मिटत असतील तर अर्धा तास झोप काढून निघावे. दारू प्यायल्यावर किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यावी.

सायलेन्सरने पोटरी भाजली तर २० मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नये.

अपघात झालाच तर

जखमीला हातपाय धरून उचलू नका. मान आणि पाठ सरळ एका रेषेत ठेवा. श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नका. पाणी, चहा पाजू नका. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरा आणि १०८ वर फोन करा. पोलिसांच्या लफड्याची भीती बाळगू नका. मदत करणाऱ्याला २०१९ पासून कायद्याचेच संरक्षण आहे. त्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही.

डोक्याला मार लागलेला माणूस बरा दिसला तरी डॉक्टरांना दाखवावा आणि निदान २४ तास त्याच्याजवळ कोणीतरी जागे राहावे. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, फिट, एका बाजूची कमजोरी, कान-नाकातून रक्त किंवा पाणी, अथवा हलवूनही न उठणारी झोप, यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. आणि तोंडाला दारूचा वास येत असेल, तर त्याच्यावर दुप्पट लक्ष ठेवा.