सालदाराचे तास कोण मोजणार?

नंदुरबारमधल्या शेतमजुरीबद्दल बोलायचं, तर आपल्याला सालदारापासून सुरुवात करावी लागते. आखाजीला तोंडी बोली होते, हातात उचल पडते आणि मग वर्षभर ढोरं, पाणी, फवारणी, राखण. वीज रात्री आली, तर पाणी रात्री भरायचं. या सालाला तास नसतात. मग जादा तासांची मजुरी मागायची कशी?

कायद्यात हा हक्क जुनाच आहे. 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत शेती होती, कलम 14 मध्ये जादा कामाचा मोबदलाही होता. केंद्राच्या 1950 च्या नियमांनी मात्र शेतीला दीडपट आणि इतर कामांना दुप्पट दर दिला. पुढे 1972 मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा जमिनीच्या प्रश्नाबरोबर मजुरीचा प्रश्नही तिने हाती घेतला.

अमेरिकेत उलटं घडलं. तिथल्या 1938 च्या कायद्याने शेतमजुरांना ओव्हरटाइममधून वगळलंच. त्यामुळे कोर्टातली लढाई या वगळण्याविरुद्ध झाली. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात 2020 साली दूध डेअरीच्या कामगारांनी ती जिंकली. आपल्याकडे हक्क आहे. गाडी अडते पुराव्यावर.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 लागू झाली. तिने तीन गोष्टी बदलल्या. जादा तासांचा दर सर्वांनाच किमान दुप्पट. दावा करायची मुदत सहा महिन्यांऐवजी तीन वर्षं. सालाचा हिशेब वर्षाअखेरीस होतो. जुन्या मुदतीत निम्मं साल आधीच हातचं जायचं. आणि मजुरी थकली किंवा कमी दिली असा दावा झाला, तर पैसे दिल्याचं मालकाने सिद्ध करायचं.

पण याच संहितेच्या कलम 50 मध्ये एक सूट आहे. शेतीसाठी पाचपर्यंत माणसं ठेवणाऱ्याला नोंदवही ठेवण्याची सक्ती नाही. मागितल्यावर मजुरी दिल्याचा वाजवी पुरावा दाखवला की झालं. आपल्याकडे सालदार असतात ते बहुतेक अशाच शेतांवर. तिथे पैशांचा कागद मिळेल, तासांचा मिळणार नाही.

म्हणून आपण सांगतो: तारीख, काम, सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ रोज साध्या वहीत लिहा. लिहिता येत नसेल, तर घरातल्या शाळकरी पोरांकडून लिहून घ्या. दावा एकट्यानेच करावा असंही नाही. सभासदासाठी नोंदणीकृत कामगार संघटनाही अर्ज करू शकते. तेव्हा ती वहीच कामाला येईल.