वाणांचें कोठार

मूर्तिजापूरच्या स्थानकावरून एके काळीं एका बाजूस यवतमाळकडे व दुसऱ्या बाजूस अचलपूरकडे अरुंद रुळांवरच्या गाड्या जात. त्या गाड्या आतां धावत नाहींत. परंतु ज्या कापसासाठीं ते रूळ घातले, तो तालुक्यांत अजून पिकतो. मात्र आजोबांच्या शेतांतील पऱ्हाटी व नातवाच्या शेतांतील पऱ्हाटी यांचें नांवाखेरीज फारसें नातें उरलेलें नाहीं. १९४७ सालीं देशांतील कपाशीचें बहुतेक क्षेत्र देशी जातींखालीं होतें. १९७० नंतर संकरित वाण आले, २००२ नंतर बीटी कपाशी आली, आणि देशी वाण मागें पडले. अधिक उत्पन्न देणारें बी शेतकऱ्यानें घेतलें यांत त्याचा कांहीं दोष नाहीं. पण जुनें बी पेरणें थांबलें म्हणजे थोड्याच वर्षांत तें उगवेनासें होतें, आणि त्याबरोबर कित्येक पिढ्यांनीं केलेली निवडहि जाते.

असें बी जपणाऱ्या व संशोधकांस पुरविणाऱ्या संस्था मूर्तिजापूरपासून फार दूर नाहींत. शेजारीं अकोल्यास राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोचें प्रादेशिक केंद्र आहे. नागपुरास १९७६ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेंत कपाशीचे दहा हजारांहून अधिक नमुने आहेत.

आनुवंशशास्त्राच्या अभ्यासकास नुसती कपाशी नको असते; जिची वंशपरंपरा ठाऊक आहे अशी अमुकच कपाशी हवी असते. १९१० सालीं न्यूयॉर्क येथें टॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेंत लाल डोळ्यांच्या फळमाशांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर निघाला. त्याच्या संततीवरून, डोळ्यांच्या रंगाचा हा गुण कोणत्या गुणसूत्रावर बसतो हें कळलें. तो वंश तेव्हांच बुडाला असता, तर पुढील अभ्यासकांस तो प्रयोग त्याच माशांवर पडताळून पाहतां आला नसता. अमेरिकेंत ब्लूमिंग्टन येथें व आपल्याकडे म्हैसूर विद्यापीठांत अशा माशांचे वंश बाटल्यांतून वाढवून अभ्यासकांस देतात. माशी बियाप्रमाणें पुडींत ठेवतां येत नाहीं. दर कांहीं आठवड्यांनीं नव्या पिढीस नवी बाटली द्यावी लागते. बियाण्याचें काम त्या मानानें सोपें, पण दिसतें तितकें सोपें नव्हे.

ओल व उष्णता हे बियाण्याचे दोन शत्रू. बीजसंग्राहकांचा एक जुना अडाखा असा कीं, बियांतील ओलावा शेंकडा एकानें उतरला, किंवा तपमान पांच अंशांनीं उतरलें, तर त्यांचें आयुष्य सुमारें दुप्पट होतें. म्हणून बी वाळवून, हवाबंद पुडींत घालून शीतगृहांत ठेवतात. नेहमींच्या देवघेवीसाठीं शून्याच्या वर चारेक अंशांत, दीर्घकाळासाठीं दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहांत शून्याखालीं अठरा अंशांत. त्या संग्रहांत सर्व पिकांचे मिळून साडेचार लाखांहून अधिक नमुने आहेत. तरीहि अधूनमधून थोड्या बिया ओल्या कागदावर रुजवून पाहाव्या लागतात. उगवण घटली कीं तो नमुना पुन्हा शेतांत पेरायचा, आणि खरी कसोटी येथेंच लागते. कपाशीच्या फुलावर मधमाशा येतात. शेजारच्या ओळींतील पराग एखादीच्या अंगास चिकटून आला कीं वाण भ्रष्ट झाला. यासाठीं फूल उमलण्याच्या आदल्या संध्याकाळीं कळीचें टोंक दोऱ्यानें बांधतात, म्हणजे तें आंतल्या आंत स्वतःच्याच परागानें फळतें. अशा किती कळ्या हातांनीं बांधाव्या लागत असतील याची कल्पनाच केलेली बरी! कांहीं रानटी जातींचीं तर झाडेंच बागेंत वर्षानुवर्षें जगवावीं लागतात.

प्रत्येक नमुन्यास क्रमांक असतो. देशांत गोळा केलेल्यास आरंभीं ‘आय. सी.’ व परदेशांतून आलेल्यास ‘ई. सी.’ अशीं अक्षरें. तो कोणत्या गांवीं, कसल्या मातींत व कोणत्या नांवानें मिळाला ही नोंद त्यासोबत असते. ही नोंद हरवली तर पुडींत उरते ती सरकी. म्हशीच्या आंबोणास ती चालेल, संशोधकास नाहीं.

ज्यांस कोणी विचारीत नाहीं अशा नमुन्यांवर इतका खटाटोप कां, असें कोणास वाटेल. सुरतच्या कापूस संशोधन केंद्रांत डॉ. सी. टी. पटेल यांनीं १९७० सालीं ‘एच-४’ हा व्यापारी लागवडीचा जगांतील पहिला संकरित कापूस दिला. त्याची माता ‘गुजरात ६७’ व पिता ‘अमेरिकन नेक्टॅरीलेस’, म्हणजे मधुग्रंथी नसलेला अमेरिकन वाण. मधुग्रंथी नसण्याचा गुण मुळांत हवाई बेटांच्या रानकपाशींतला. त्या पित्याचें नांव शेतकऱ्याच्या तोंडीं क्वचितच आलें असेल. त्याच्या संततीचें मात्र वऱ्हाडांतहि सर्वतोमुखीं झालें.

मूर्तिजापूरकरांस याहून जवळचें उदाहरण खारपाणपट्ट्याचें. पूर्णेच्या खोऱ्यांत विहिरीचें पाणी खारट, ओलितास निरुपयोगी; माती काळी व चिकण. अशा रानांत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या देशी पऱ्हाटीच्या अंगीं काय आहे हें शोधायचें तर त्याच पट्ट्यांतील, गांवाच्या नोंदीसह ठेवलेलें बी हवें. उत्तर भारतांत पानें मुरडणारा जो विषाणुरोग अमेरिकन कपाशीस ग्रासतो, तो देशी कपाशीस होत नाहीं. हा गुण तिच्यांतून अमेरिकन कपाशींत नेणें मात्र कठीण आहे. देशीची गुणसूत्रें २६, अमेरिकनचीं ५२, आणि दोहोंची पहिली संतति बहुधा वांझ निघते. या अडचणींतून वाट काढणाऱ्यास देशी, अमेरिकन व रानटी अशा तिन्ही जाती शुद्ध स्वरूपांत लागतात.

तो मागणीपत्र पाठवितो, बियाणें कशासाठीं वापरणार याचा करार लिहून देतो, आणि त्यास थोड्याशाच बियांची एक पुडी मिळते. पुढचें बी त्यानें स्वतः वाढवायचें असतें. पाऊस लागला कीं तो त्या बिया पेरतो, आणि भाद्रपदांत कळ्या धरल्या कीं दोरा घेऊन ओळींतून फिरूं लागतो.